संध्याकाळचा चार्ज

दोंडाईच्यात भाड्याने खोली शोधताना पहिल्या तीन घरांत मला पाण्याच्या पेल्याआधी आडनाव विचारलं गेलं, आणि आडनाव ऐकल्यावर पाणी यायचं राहून गेलं. चौथ्या घरी एका पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाईंनी दार उघडलं, काही न बोलता माझं मनगट धरलं, आणि छातीवर उलटं अडकवलेल्या घड्याळाकडे बघत ओठ हलवायला लागल्या.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. "स्टेशनपाईन पायी उनी का?"

"नाही, रिक्षाने."

"मंग तू घाबरेल शे. काय काय दुखस तुन्हं?"

मी म्हटलं, काहीच नाही. त्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काहीच दुखत नही अशी बाई मी चाळीस वरीसमा देखी नही. बस आठे. पानी पी."

अशी मला खोली मिळाली. अटी दोनच होत्या. डोकं दुखलं तर सांगायचं, आणि त्यांना न विचारता गोळी खायची नाही.

गल्ली त्यांना सिस्टर अक्का म्हणायची. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून लहानपणीच मिशनच्या वसतिगृहात आलेल्या, तिथून नर्सिंग, तिथून मिशनच्याच दवाखान्यात सगळी नोकरी. नवरा त्याच दवाखान्यात कंपाउंडर होता, तो लवकर गेला. एकच मुलगा, सुरतेला साड्यांच्या मिलमध्ये. अक्का निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ही बातमी दवाखान्याला कळली होती, अक्कांना मात्र अजून पटलेली नव्हती.

सकाळी मी शाळेत शिकवायला गेले की त्या माझ्या खोलीत शिरायच्या आणि पलंगाची चादर बदलून टाकायच्या. बदलायच्या म्हणजे तीच चादर काढून पुन्हा घालायच्या, चारही कोपरे लिफाफ्यासारखे दुमडून, इतकी ताठ की रात्री आत शिरायला मला धडपड करावी लागे. मी तक्रार केली. "चादरले सुरकुती पडनी की पाठले फोड येतस," अक्का म्हणाल्या. मी चोवीस वर्षांची होते, दिवसाचे सहा तास फळ्यापुढे उभी असायचे. पाठीला फोड यायला मला सवडच नव्हती. पण ते ऐकतं कोण!

माणसं त्यांच्या लक्षात दुखण्यांवरून राहत. "गुडघेदुखी ई गई का?" असं त्या मला विचारायच्या, आणि त्याचा अर्थ कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या मामी असा होई. पोस्टमन म्हणजे मूळव्याध. हे त्या पोस्टमनच्या तोंडावर, भर रस्त्यात, दोन सायकली आणि एक हातगाडी थांबलेली असताना विचारायच्या, "काल रक्त पडनं का?" बिचारा आमची पत्रं फाटकातून फेकून पळायचा. नाताळात करंज्या वाटायच्या, पण पन्नाशीच्या वरच्या माणसाने बोट पुढे करून साखर तपासून घेतल्याशिवाय करंजी मिळत नसे. मोबाइल आल्यापासून तर त्यांची सोय झाली होती. व्हॉट्सअॅपवर लोक एकमेकांना सुप्रभातची फुलं पाठवतात. अक्का जिभेचे फोटो मागवायच्या.

आता चार्जबद्दल सांगते, कारण त्यांना समजून घ्यायचं तर ते कळलं पाहिजे.

दवाखान्यात एका सिस्टरची पाळी संपते आणि दुसरीची सुरू होते, तेव्हा पहिली दुसरीला एकेका पेशंटची हकीकत सांगते. कुणाला काय झालंय, काय दिलंय, रात्री कशाकडे लक्ष ठेवायचं. याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिल्याशिवाय सिस्टर घरी जाऊ शकत नाही, आणि दिल्यावर तिने वॉर्डात थांबायचं नसतं.

तर रोज संध्याकाळी सात वाजता अक्का खिडकीशी उभ्या राहायच्या, ताठ, हात मागे, डोळे उघडे, आणि देवाला चार्ज द्यायच्या. भिंत पातळ होती. पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं, कुणी डॉक्टर आलेत.

"देवबापा, सुरतवाला पहिले. मन्हा आंडोर, वय एकतीस, जेवन बाहेरनं, आम्लपित्त. मंग शिवनकामवाली, डावा गुडघा, सूज कमी. मंग गिरनीवाला, खोकला पंधरा दिवसना, बिडी सोडत नही, त्याले जरा दम भर. दोंडाईचा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुये." आणि शेवटी खणखणीत आवाजात आमेन.

काही दिवसांनी धीर करून मी विचारलं, "अक्का, देवाला तालुका माहीत नसेल का?"

"माहीत व्हई. पन चार्ज म्हनजे चार्ज. पेशंट बदलाई गया तर?"

आणि चार्ज देऊन झाला की त्या जेवायच्या, आडव्या व्हायच्या आणि पाच मिनिटांत घोरायला लागायच्या. काळजी म्हणून नाही. दिवसभर गल्लीतल्या दुखण्यांमागे वणवण करणारी ही बाई सातनंतर कुणाचं नावसुद्धा काढायची नाही. एकदा शिवणकामवाल्या मामींना खूपच त्रास होत होता, म्हणून मी नऊ वाजता त्यांना म्हटलं, अक्का, तुम्हाला चिंता नाही का वाटत? तर म्हणाल्या, "आते वरल्यानी ड्यूटी सुरू शे. दोन सिस्टरी एकच पेशंटले इंजेक्शन देतीन तर काय व्हई?"

एके दिवशी त्या यादीत माझं नाव ऐकू आलं. नाव नाही, "पुढली खोलीनी मास्तरीण. झोप कमी, घरनी आठवन, पोट साफ नही." मी तरातरा आत गेले. आमच्या घरात देव नाही. अमळनेरला आमच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, पण नवस नाही, मागणं नाही. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक, आणि कुणापुढेही हात पसरायचा नाही, आकाशापुढे तर नाहीच, हे त्यांनी आम्हा बहिणींना पाढ्यांबरोबर शिकवलेलं. मी अक्कांना सगळं सांगितलं. माझं नाव काढा म्हटलं. आणि पोटाचं तर काढाच काढा!

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू नको मानू," त्या म्हणाल्या. "पेशंट कोठे डॉक्टरले मानस? तरी डॉक्टर तपासतसच ना."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. माझ्या वडिलांनाही सापडलं नाही. ते एकदा मला भेटायला आले, अक्कांशी दोन तास अत्यंत सभ्यपणे वाद घातला, विज्ञान, कार्यकारणभाव, सगळं झालं. अक्का मान डोलवत होत्या आणि तेवढ्यात त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होत्या. एकशे सत्तर निघाला. संध्याकाळी चार्जमध्ये "अमळनेरना मास्तर, वाद लई घालस, मीठ कमी करनं" अशी भर पडली. आठवड्याने वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या सिस्टरना सांग, गोळी सुरू केली म्हणून."

मी तिथे राहायला लागून दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा सुरतेहून फोन आला. मुलगा रात्रपाळीला गेला होता, पहाटे मशीनजवळच छातीत कळ आली आणि गेला. अक्का आणि मी दुपारच्या गाडीने निघालो. तिथे गेलो तर सगळे घाबरलेले, मिलच्या माणसांना लवकर हात झटकायचे होते, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. एका कापडात गुंडाळून त्यांनी मुलगा अक्कांच्या ताब्यात दिला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोंडाईच्यात माती झाली. त्या दिवशी अक्का अशा वागल्या की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरचं कुणी गेलेलंच नाही. दफनभूमीत म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, एका बाईला चक्कर आली तर तिचे पाय उचलून धरले, मिलमधून आलेल्या दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बायका आपसांत म्हणाल्या, काय विश्वास आहे बघा अक्कांचा. मलाही तसंच वाटलं. मला काय कळत होतं!

त्या संध्याकाळी सात वाजले आणि भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी आत डोकावले तर अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चादर चुरगळलेली. घड्याळ खिळ्याला. मी भात नेला तो तसाच राहिला, दुसऱ्या दिवशीचाही राहिला. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मी रोज बघायचे, तिच्यातली एकही कमी होत नव्हती.

चर्चच्या बायका आल्या, हळू आवाजात गायल्या, गेल्या. धुळ्याहून पाळकसाहेब आले. चांगला माणूस, खरंच कळवळून बोलत होते. देवाची योजना आपल्याला कळत नाही, तो तिकडे सुखात आहे, असं बरंच. अक्का भिंतीकडेच बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुम्हना चहा थंडा व्हई ऱ्हायना, पाळकसाहेब." पाळकसाहेबांनी मुकाट्याने चहा घेतला.

गावातले डॉक्टर येऊन गेले. बाहेर ओट्यावर मला म्हणाले, "आजार काही नाही. पण असंच चाललं तर महिनाभर काढणार नाहीत. त्या स्वतः जाणून आहेत, म्हणून जास्त अवघड."

त्या दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसले आणि चिडून बोलले. मला दुःखात नेहमी राग येतो, हा माझा दोष आहे. म्हटलं, "अक्का, एवढा तुमचा देव, एवढी तुमची रोजची प्रार्थना, मग आता बोलत का नाही त्याच्याशी?"

तेव्हा त्या पहिल्यांदा वळल्या. "रोज चार्ज दिधा मी," त्या म्हणाल्या. "पहिलं नाव त्यानंच. मन्ही ड्यूटीमा नही गया तो. वरल्यानी ड्यूटीमा गया."

मी पलंगाच्या जवळ सरकले.

"वॉर्डमा रातले पेशंट गया तर सकायनी सिस्टरले सांगनं पडस. कितला वाजता गया, जोडे कोन व्हतं, पानी मांगं का. मी चाळीस वरीस सांगं. त्यानी माले काय सांगं? काहीच नही. आते पहिले तो माले चार्ज दी, मंग मी देसू."

आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मी बाहेर येऊन ओट्यावर बसून रडले. माझ्या वडिलांनी मला देव नाही हे शिकवलं होतं, पण देव असलेल्या माणसाचा देवाशी अबोला झाला तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी शिवणकामवाल्या मामी दाराशी आल्या. त्या रोज नेमाने मारुतीला जाणाऱ्या. आत जायला कचरत होत्या, मलाच कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अक्का नावं लेतस का वं आते? सकाय मन्ही नातना कानना ऑपरेशन शे, धुयाले. तिनं नाव ली टाकतीन का?"

मी काय सांगणार? म्हटलं, घेतील. मामी गेल्या. सात वाजायला पाच मिनिटं होती. मी खोटं बोलले होते आणि ते मला सहन होत नव्हतं. मी अक्कांच्या खोलीत गेले, त्यांच्या पाठीमागे खिडकीशी उभी राहिले, हात मागे घेतले.

आता सुरुवात कशी करायची? देवबापा हा शब्द काही केल्या घशातून बाहेर येईना. शेवटी मी म्हटलं, "नमस्कार, सर."

पलंगावर काही हललं नाही.

"मी अक्कांची भाडेकरू. पुढच्या खोलीतली. माझा तुमच्यावर विश्वास नाही, ते तुम्हाला माहीत असेलच. पण अक्का रजेवर आहेत, म्हणून आजचा चार्ज मी देते." माझा आवाज शाळा तपासणीला आलेल्या साहेबांपुढे निघतो तसा निघत होता. "शिवणकामवाल्या मामींची नात. वय नऊ. उद्या धुळ्याला ऑपरेशन, डावा कान."

"उजवा."

भिंतीकडून आला आवाज.

"डावा कान चांगला शे पोरना. उजवा सांग!"

"उजवा कान," मी घाईघाईने म्हटलं. "सर, चूक दुरुस्त करावी. उजवा. पुढे, गिरणीवाला. खोकला. आठ दिवसांचा."

"महिना व्हई गया."

"महिन्याचा. पोस्टमन, साखर एकशे दहा."

"त्याले कोठे साखर शे? मूळव्याध त्याले! साखर पाळकसाहेबले शे, दोनशे दहा." अक्का एका कोपरावर उठल्या होत्या. डोळे खोल गेलेले, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर निव्वळ संताप. इतका गचाळ चार्ज त्यांनी जन्मात ऐकला नसेल.

मी तशीच पुढे रेटत गेले. सगळी गल्ली संपली. मग मी म्हटलं, "आणि अक्का. वय चौसष्ट. मुलगा गेला. चौदा दिवस जेवण नाही, झोप नाही, रक्तदाबाची गोळी बंद. आणि सर..." पुढे मला बोलताच येईना.

अक्का उठून बसल्या.

"रडनी का नही, ते सांगाले ऱ्हायनं तुन्हं," अक्का हळूच म्हणाल्या.

"रडल्या नाहीत," मी म्हटलं. "एकदाही नाही."

त्यावर त्या रडल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मी त्यांना धरून बसले होते आणि मीही रडतच होते. मधेच त्या खिडकीकडे बघून ओरडल्या, "कसा गया तो? जोडे कोन व्हतं त्याना? सांग ना बापा, माले सांग!" गल्लीत ऐकू गेलं असेल. जाऊ दे. त्या रात्री त्यांनी अर्धी वाटी भात खाल्ला आणि खारट झालाय म्हणून मला बोल लावला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्या स्वतः उभ्या राहिल्या. खिडकीच्या गजाला धरून, कारण पायांत ताकद नव्हती. गल्लीतल्या सगळ्यांची हकीकत नीट दिली, आणि आमेनच्या आधी एक वाक्य नवीन आलं. "आनि मन्हा आंडोर कसा गया, ते सांगाले ऱ्हायनं तुन्हं." रागावून नाही. बाकी राहिलेल्या कामाची आठवण करून द्यावी तसं. मग रोजच. रोज सगळा चार्ज, आणि शेवटी तोच प्रश्न. गोळ्यांची पट्टी रिकामी व्हायला लागली. महिनाभरात त्या पुन्हा पोस्टमनला भर रस्त्यात गाठायला लागल्या. एवढं सुख मला कधी वाटलं नव्हतं, पोस्टमनला मात्र ते वाटलं नसावं.

एकदा शेंगा निवडत बसलो असताना मी विचारलं, "अक्का, त्या प्रश्नाचं उत्तर येतं का कधी?"

"नही."

"मग रोज कशाला विचारता? राग नाही येत?"

"येस ना. लई येस." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला फेकली. "पन त्याना बी आंडोर गया. भरदुपारे, क्रूसवर, बठ्ठा लोकस्ना समोर, आनि माय तठे उभी व्हती. त्याले माहीत शे हाई काय ऱ्हास ते. म्हनीसन त्यालेच इचारस. ज्याले माहीतच नही, त्याले इचारीन काय करू?"

माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही, वडिलांना हे वाचून हायसं वाटेल. पण भिंतीकडे तोंड करून मरायला टेकलेली बाई मी पाहिली होती, आणि तिला उठवलं ते डॉक्टरांनी नाही, मी तर नाहीच नाही. त्या उठल्या त्या ज्याच्यावर चिडल्या होत्या त्याच्याशी बोलायला. एवढं मी कुणाहीपुढे सांगायला तयार आहे.

माझी बदली जळगावला व्हायच्या थोडं आधी गिरणीवाला गेला. खोकल्याने नाही, धुळ्याला नेता नेता वाटेतच, अचानक. त्याची बायको तिशीची. मी अक्कांबरोबर गेले. घरात बायकांची दाटी. जी ती तिला सांगत होती, धीर धर, पोरांकडे बघ, नशिबात तेवढंच होतं. ती जमिनीकडे बघत बसली होती. चार दिवसांत तोंडातून शब्द नव्हता म्हणे.

अक्का आत गेल्या. मला वाटलं, आता मनगट धरून ठोके मोजतील. त्यांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. बायकांना म्हणाल्या, "जरा सरका वं." मग तिच्यासमोर खाली फरशीवर मांडी घालून बसल्या, तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि विचारलं, "कसा गया वं तो? पहिलेपाईन सांग माले."

तिने वर बघितलं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"अक्का," ती म्हणाली, "त्यास्नी पानी मांगं व्हतं." आणि ती सांगायला लागली.